वारंवार बंद पडणारे आऊटबोर्ड इंजिन : दोष शोधावा कसा?

खाडीच्या मुखाशी, ओहोटीचा ओढ आणि समुद्राची लाट जिथे एकमेकांना भिडतात, तिथे होडीचे इंजिन बंद पडणे ही केवळ गैरसोय नसते. काही मिनिटांतच होडी खडकांकडे किंवा वाळूच्या पट्ट्याकडे ओढली जाते. कोकण किनाऱ्यावरील अनेक छोट्या होड्यांच्या मागे जुनी आऊटबोर्ड इंजिने बसवलेली असतात. ती सुरू होतात, थोडा वेळ उत्तम चालतात आणि मध्येच थांबतात. मग आधी प्लग बदलला जातो, नंतर कार्ब्युरेटर उघडला जातो. खर्च होतो, दोष मात्र कायम राहतो. वस्तुतः इंजिन बंद पडते कसे, याकडे नीट लक्ष दिल्यास निम्मे निदान तिथेच होते.

इंजिनाला प्रामुख्याने तीन गोष्टी लागतात : इंधन, ठिणगी आणि थंड ठेवणारे पाणी. इंधन कमी पडले तर इंजिन अडखळते, वेग कमी-जास्त होतो आणि मग ते थांबते. ठिणगी गेली तर दिवा विझावा तसे ते एकदम बंद होते. पाणी कमी पडले तर ते तापून जड होते आणि दोरी ओढतानाही तो जडपणा हाताला जाणवतो. बंद पडताच प्लग काढून पाहिल्यास आणखी एक खूण मिळते. प्लग कोरडा असेल तर संशय इंधनावर, पेट्रोलने ओला असेल तर ठिणगीवर घ्यावा.

तपासणीचा प्रारंभ इंधनापासून आणि तोही सर्वात सोप्या ठिकाणापासून करावा. टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू बंद राहिला असेल, तर इंधन कमी होत जाते तशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि काही वेळाने पुरवठा खुंटतो. झाकण सैल करताच हवा आत खेचल्याचा आवाज आला, तर दोष सापडला असे समजावे. त्यानंतर इंधननळीवरील रबरी फुगा पाहावा. चालत्या इंजिनात तो चपटा होत असेल, तर टाकीकडील बाजूस अडथळा आहे. कितीही दाबला तरी घट्ट होत नसेल, तर कुठेतरी हवा शिरत आहे किंवा त्याच्या आतील झडप निकामी झाली आहे. इंजिन अडखळू लागताच सोबत्याने हा फुगा दाबावा. तेवढ्याने इंजिन सावरले, तर इंधनपंपाचा पडदा कमकुवत झाल्याची किंवा नळीत हवा शिरत असल्याची शक्यता अधिक.

सध्याच्या पेट्रोलचाही येथे विचार करावा लागतो. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की पाणी व इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो आणि नळी इंधन ओढते ते तळातूनच. पावसाळ्यातील मासेमारी बंदीत टाकीत पडून राहिलेले पेट्रोल म्हणूनच धोक्याचे ठरते. थोडे इंधन काचेच्या बरणीत काढून स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसल्यास सर्व इंधन काढून टाकावे. जुन्या रबरी नळ्यांचे आतील अस्तरही अशा इंधनाने सुटू शकते. बाहेरून धड दिसणारी नळी आतून मिटलेली असू शकते.

इंजिन पंधरा-वीस मिनिटे चालून एकदम थांबत असेल आणि निवल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर इग्निशन कॉइल तपासावी. उष्णतेने तिच्यातील सूक्ष्म भेग रुंदावते आणि ठिणगी नाहीशी होते. म्हणून ठिणगीची तपासणी इंजिन गरम असतानाच, ते बंद पडल्याबरोबर करावी. थंड इंजिनावर सर्व काही ठीकच दिसते. मात्र टाकी व सांडलेले पेट्रोल दूर असल्याची खात्री आधी करून घ्यावी. इंजिन बंद करण्याच्या बटणाची तार खारट हवेने गंजून मधूनच जोडली जाते, तीही पाहावी.

इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार ही थंडाव्याची खूण आहे. ती क्षीण झाली, तर आधी तिचे छिद्र तारेने मोकळे करावे. तरीही फरक न पडल्यास पाणीपंपातील रबरी इम्पेलर बदलावा. पाण्याशिवाय इंजिन क्षणभरही चालवू नये, कारण इम्पेलरची पाती लगेच झिजतात.

पिंपात चालवून इंजिनाची परीक्षा पूर्ण होत नाही. तिथे त्यावर भार नसल्याने इंधनाची टंचाई दिसून येत नाही. होडी धक्क्याला भक्कम बांधून, आसपास कोणी पाण्यात नाही हे पाहून, पंखा फिरता ठेवून ती घ्यावी. एका वेळी एकच भाग बदलावा आणि परिणाम टिपून ठेवावा. एकदम तीन भाग बदलल्यास खरा दोष कोणता होता, हे कळतच नाही. आणि इंजिनावर पूर्ण विश्वास बसेपर्यंत वल्ही, नांगर व पुरेशी दोरी घेतल्याशिवाय होडी खाडीबाहेर नेऊ नये.