बाग लावणारे आणि बाग राखणारे

2023च्या जानेवारीत जी-20ची बैठक पुण्यात भरली, तेव्हा रस्त्याकडेच्या भिंती रंगल्या, चौकाचौकांत कुंड्या आल्या. पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरावं तसं शहर आवरलं गेलं. हल्ली सौंदर्यीकरण म्हणतात ते बहुतेक असंच असतं: निविदा निघते, दुभाजकात झाडं बसतात, फोटो छापून येतो. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांना पाणी कोणी घालायचं, हे मात्र ठरलेलं नसतं. याच पुण्यात आणि मुंबईत दीडशे वर्षांच्या आसपास टिकलेल्या बागा आहेत, आणि त्या टिकण्यात बागप्रेमींच्या मंडळांचा हात मोठा आहे. त्यांचा इतिहास पाहिला, तर शहराच्या शोभेबद्दल एक गोष्ट पटते. नुसतं सरकार किंवा नुसती हौशी मंडळी बाग राखू शकत नाहीत. सार्वजनिक मालकी आणि जाणकारांची सततची नजर या दोन्ही गोष्टी जिथे असतात, तिथेच बाग उरते.

या मंडळांचा जन्म शोभेसाठी झालेला नव्हता. आपल्याकडचं पहिलं मोठं उदाहरण कोलकात्याचं. मराठीचं व्याकरण आणि कोश छापणाऱ्या विल्यम केरीनेच 1820मध्ये तिथे शेती आणि बागायतीची संस्था काढली. त्या धर्तीवर 1830मध्ये मुंबईत ‘अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ उभी राहिली. परदेशी बियाणं आणि रोपं आणून ती इथे रुजतात का, हे पाहणं हा अशा संस्थांचा मूळ उद्योग. मुंबईच्या संस्थेची बाग शिवडीला होती. पुढे ती जागा दफनभूमीसाठी गेली आणि भायखळ्याला नवी बाग आकाराला आली. 1862मध्ये लेडी फ्रियर यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. तेव्हाचं व्हिक्टोरिया गार्डन म्हणजे आपली राणीची बाग, आजचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: ही सगळी साहेबांची हौस होती. नावंच पाहा, एकीकडे व्हिक्टोरिया, दुसरीकडे एम्प्रेस. पुण्याचं एम्प्रेस गार्डन तर आधी सोल्जर्स गार्डन म्हणून ओळखलं जाई. या मंडळांच्या पुष्पप्रदर्शनात बक्षिसाची ढाल मालकाच्या हाती जायची आणि रोप वाढवणारा माळी मागे उभा राहायचा, हेही नाकारता येत नाही. पण उगम परका म्हणून वारसा परका ठरत नाही. राणीच्या बागेतली उर्वशी पाहावी. मूळची म्यानमारची, लाल-पिवळ्या फुलांचे झुबके झुंबरासारखे खाली सोडणारी. तिला बी फार क्वचित धरतं, म्हणून रोपं दाब किंवा गुटी कलमाने करावी लागतात. असं झाड एका शहरात पिढ्यान्‌पिढ्या दिसत राहतं, त्यामागे कलम बांधणारे हात असतात. ते हात इथल्याच माळ्यांचे होते. त्या झाडाखाली आता शाळेच्या सहली डबे उघडतात.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. सरकारी जमीन एखाद्या मंडळाने का सांभाळावी? पालिका निवडून आलेली असते, मंडळ कोणाला उत्तर देतं? मुंबईचा अनुभव या आक्षेपाच्या बाजूने उभा राहतो. तिथली संस्था राणीची बाग चालवू शकली नाही आणि 1873मध्ये बाग पालिकेकडे आली. पालिका नसती तर भायखळ्याची हिरवी जागा कधीच इमारतींखाली गेली असती. पण तीच बाग एकविसाव्या शतकात पालिकेच्याच प्राणिसंग्रहालयाच्या पुनर्विकास आराखड्याने धोक्यात आली, तेव्हा वनस्पतींची जाण असलेल्या नागरिकांनी झाडन्‌झाड मोजून नोंदलं आणि वारसा जपणाऱ्या समितीपुढे बाजू मांडली. तीन हजारांवर झाडं असलेली जागा ही नुसती पिंजऱ्यांभोवतालची मोकळी जमीन नव्हे, हे कागदावर आणायला जाणकार मंडळीच लागली.

पुण्याचं चित्र याला पूरक आहे. रेसकोर्सजवळचं सुमारे 39 एकरांचं एम्प्रेस गार्डन 1892पासून ‘अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ याच नावाच्या संस्थेकडे आहे. झाडावरून झाडावर चढत गेलेला तिथला महावेल रोज कोणीतरी राखतं म्हणून आहे. वेल मेला तर नव्या निविदेने तो मिळत नाही. दर जानेवारीतलं पुष्पप्रदर्शनही मिरवण्यापुरतं नाही. स्पर्धेत उतरवायच्या शेवंतीची पूर्वतयारी पावसाळ्याच्या सुरुवातीपासून चालते: छाट कलम लावायचं, शेंडे खुडायचे, मोठं फूल हवं असेल तर बाजूच्या कळ्या काढून एकच ठेवायची. परीक्षक दांडा, पानं, पाकळ्यांची ठेवण, सगळं तपासतो. तारीख ठरलेली असल्याने वर्षभराच्या निगराणीला एक शिस्त लागते, आणि ती शिस्त शिकलेले माळी व हौशी लोक शहरभर पसरतात. वर्षातून एकदा गर्दी होते म्हणून प्रदर्शनाला नाकं मुरडणाऱ्यांनी त्यामागचे सहा महिने हिशेबात धरावेत.

तरीही या मंडळांची खरी उणीव झाकू नये. प्रदर्शनांत गुलाब, डेलिया आणि बोन्सायचं कौतुक होत राहिलं. पळस, पांगारा, बकुळ यांना त्या मानाने कमी जागा मिळाली. सभासदत्वही बराच काळ बंगल्यांपुरतं राहिलं. चाळीतल्या गॅलरीत तुळस आणि मोगरा जगवणारी बाई तितकीच बागवान आहे, हे मंडळांनी मान्य केलं तरच त्यांचा शब्द सार्वजनिक ठरेल.

पालिका आणि जाणकार यांना एकत्र आणायला नवी यंत्रणा शोधत बसायला नको. 1975च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार पालिकांत वृक्ष प्राधिकरण असतं आणि त्यावर झाडांची माहिती असणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी घेता येतात. ती खुर्ची तोडीच्या अर्जांवर सही करण्यापुरती न ठेवता प्रत्येक सुशोभीकरणाच्या कामाला तीन प्रश्न विचारण्यासाठी वापरावी: झाड इथलं आहे का, तीन वर्षं पाणी कोण घालणार, आणि मेलं तर जबाबदार कोण? या प्रश्नांना उत्तर नसेल तर पालिकेने त्या कामाला पैसा देऊ नये. आणि हे प्रश्न विचारण्याइतकी जाण ज्यांच्याकडे आहे, त्या बागमंडळांनी ढाली वाटून झाल्यावर घरी न जाता पालिकेच्या बैठकीलाही बसायला हवं.