'मॉरल टर्पिट्यूड': व्याख्येविना चालणारी संज्ञा

अर्थ

गंभीर नैतिक दुर्वर्तनासाठी कायद्याच्या इंग्रजीत 'मॉरल टर्पिट्यूड' ही संज्ञा वापरतात. मराठीत 'नैतिक अधःपतन' रूढ आहे. कायद्याने मनाई केली म्हणून नव्हे, तर मुळातच नीच मानले जाणारे कृत्य तिच्या कक्षेत येते. फसवणूक, अपहार ही ठळक उदाहरणे. सिग्नल तोडणे बेकायदा खरे, पण त्याला अधःपतन कोणी म्हणत नाही.

उपयोग

नैतिक अधःपतन हा स्वतंत्र गुन्हा नाही. मूळ गुन्ह्याची शिक्षा दंडविधानानुसार होते. ही संज्ञा त्यानंतर उपजीविकेपाशी येऊन उभी राहते. अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला बँकिंग विनियमन अधिनियम, 1949 नुसार बँकेत नोकरी नाही. अधिवक्ता अधिनियम, 1961 नुसार वकिलीची सनदही नाही, मात्र सुटकेनंतर दोन वर्षांनी ही अपात्रता संपते. दोन्ही कायद्यांत संज्ञेची व्याख्या नाही.

कसोटी

व्याख्येची उणीव न्यायालयांनी भरून काढली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 1963 मध्ये तीन प्रश्न पुढे ठेवले: कृत्याने समाजाच्या सदसद्विवेकाला धक्का बसतो का, हेतू नीच होता का आणि करणारा समाजाच्या नजरेतून उतरतो का? यातला हेतूचा प्रश्न सर्वांत उपयोगी, कारण एकाच कलमाखालील दोन गुन्हे त्यामुळे वेगळे ठरू शकतात. भारतीय दंड संहितेच्या कलम 294 (सार्वजनिक अश्लील कृत्ये) खाली 20 रुपये दंड झालेल्या हरियाणातील पवनकुमार या कर्मचाऱ्याला बडतर्फ केले गेले. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ती कारवाई रद्द केली. दुखापतीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या स्टेट बँकेच्या कर्मचाऱ्यालाही 2019 मध्ये दिलासा मिळाला.

अमेरिकेत

तेथील स्थलांतर कायद्यात ही संज्ञा 1891 पासून आहे. ती अतिसंदिग्ध असल्याचा आक्षेप तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये बहुमताने फेटाळला. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांना मात्र तो आक्षेप पटला होता, आणि त्यांची बाजू आजही कमकुवत वाटत नाही.

मर्यादा

भारतात 2025 पर्यंत लागू असलेल्या उपदान अधिनियम, 1972 नुसार, सेवेत असताना असे कृत्य करून बडतर्फ झालेल्याचे उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, रोखता येत असे. त्यासाठी फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवणे आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या निकालात म्हटले होते. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या प्रकरणात फेब्रुवारी 2025 मध्ये ती अट गळली. खातेनिहाय चौकशीतील निष्कर्षही पुरतो, असे ठरले. त्याच निकालात तिकिटांच्या पैशांचा अपहार करणाऱ्या एसटी वाहकांचे मात्र केवळ 25 टक्के उपदान जप्त करण्याचा आदेश झाला.