दातेरी चाक आणि घुंगरकाठी

कारंज्याला आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात संध्याकाळी मुलांची अभ्यासिका चालते. तिथल्या भिंतीवर कुणीतरी देशातल्या नामवंत तंत्रशिक्षण संस्थांच्या बोधचिन्हांचा तक्ता चिकटवला आहे. बारावी विज्ञानाची मुले त्याच्याखाली बसून गणिते सोडवतात. एका मुलीने एकदा मला विचारले, "सर, इंजिनेरीच्या कॉलेजच्या शिक्क्यावर संस्कृत कायले लिहिलं?"

प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर शोधताना मी बराच लांब गेलो. ते उत्तर इथे मांडतो आहे.

बोधचिन्हांची ही विद्या मुळात युरोपातली. बाराव्या शतकाच्या सुमारास तिथले सरदार चिलखत घालून लढत. तोंड झाकलेले असल्याने कोण कुणाचा हे रणांगणात कळेना. म्हणून ढालीवर चिन्ह काढण्याची रीत पडली. कुणाचा सिंह, कुणाचा गरुड. पुढे हे चिन्ह बापाकडून मुलाकडे जाऊ लागले. त्याचे नियम झाले, नोंदी झाल्या, नोंदी ठेवणारे अधिकारी झाले. म्हणजे ढालीवरचे चिन्ह पराक्रमाचे न राहता जन्माचे झाले. आपल्याकडे गोत्र सांगतात, तसे तिकडे ढाल दाखवीत. विद्यापीठांना गोत्र नव्हते. त्यांनी ढाल उसनी घेतली, खाली लॅटिनमध्ये ब्रीद लिहिले, आणि आपणही कुलीन आहोत असे जगाला सांगितले.

आपल्याकडे चिन्हे नव्हती असे मात्र कुणी समजू नये. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात पेशवाईतल्या पुण्याचे वर्णन केले आहे. अस्पृश्याच्या कमरेला खराटा, गळ्यात थुंकण्यासाठी मडके. अन्यत्र मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा. गावकामगार महाराच्या हातात घुंगरकाठी असे. हीही चिन्हविद्याच होती. सरदाराची ढाल सांगे की हा कोण आहे ते ओळखा आणि वाकून राहा. आमची काठी सांगे की हा कोण आहे ते ओळखा आणि दूर राहा. दोन्ही चिन्हे बापाकडून मुलाकडे जात. फरक इतकाच की आमच्या चिन्हाची नोंद कुठल्या दरबारात झाली नाही.

आता तक्त्याकडे वळतो. १९५१ साली खरगपूरजवळ हिजली येथे, इंग्रजांच्या जुन्या बंदिवान छावणीच्या इमारतीत, पहिली आय.आय.टी. सुरू झाली. तुरुंगाचे विद्यालय झाले ही गोष्ट मला फार आवडते. पण तिचे ब्रीद गीतेच्या दुसऱ्या अध्यायातून घेतले आहे. कर्मातले कौशल्य म्हणजे योग, असा त्याचा भाव. मुंबईच्या आय.आय.टी.चे, १९५८ च्या, ब्रीद आहे 'ज्ञानं परमं ध्येयम्'. कानपूरने उपनिषदातली अंधारातून प्रकाशाकडे नेण्याची प्रार्थना घेतली. मद्रासचे ब्रीद गीतेच्या चौथ्या अध्यायातल्या बाराव्या श्लोकातले आहे. कर्मापासून सिद्धी मिळते, असे ते सांगते. वाक्य चांगलेच आहे. पण जिज्ञासूंनी पान न उलटता लगतचा तेरावा श्लोक वाचावा. चातुर्वर्ण्य मीच निर्माण केले, असे भगवंत तिथे सांगतात. निवडणाऱ्यांच्या मनात तो श्लोक होता, असा आरोप मी करणार नाही. त्यांना तो शेजारी असल्याचे खटकले नाही, एवढेच मी म्हणतो. ज्याला तो श्लोक जन्मभर टोचला आहे, असा माणूस त्या निवडीच्या वेळी तिथे असता तर बाराव्यावर बोट ठेवताना त्याची नजर तेराव्यावर गेलीच असती.

तो माणूस तिथे पोहोचणार तरी कसा? आय.आय.टी.मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा आल्या १९७३ मध्ये. खरगपूर सुरू होऊन तेव्हा बावीस वर्षे झाली होती.

अमेरिकेतली एम.आय.टी. ही तंत्रसंस्था १८६१ ची. तिच्या १८६४ च्या मुद्रेवर दोन माणसे उभी आहेत. एक हातोडा घेतलेला कारागीर, शेजारी ऐरण. दुसरा पुस्तक घेतलेला विद्वान. ब्रीद आहे 'मन आणि हात'. दोघे एकाच चौथऱ्याच्या दोन बाजूंना, एकाच उंचीवर. अमेरिका त्या वेळी गुलामगिरीच्या प्रश्नावर यादवी युद्धात सापडली होती, तेव्हा तो काही स्वर्ग नव्हता. पण निदान शिक्क्यावर तरी हाताला जागा मिळाली. आपल्याकडे मनाची एक जात झाली आणि हाताच्या शेकडो जाती झाल्या. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांचे म्हणणे तंत्रशिक्षणाइतके दुसरीकडे कुठे क्वचितच पटते. चामडे कमावणे हे रसायनशास्त्र आहे, लोखंड तापवणे हे धातुशास्त्र आहे. ते जाणणाऱ्याला आम्ही शास्त्रज्ञ म्हटले नाही, त्याला वेशीबाहेर घर दिले किंवा बलुते दिले.

कारंज्याचेच पाहा. मूर्तिजापूर-यवतमाळ या अरुंद रुळांवरून धावणारी 'शकुंतला' आमच्या गावावरून जात असे. रूळमार्ग किलिक निक्सन या विलायती कंपनीचा, वाफेचे इंजिन मँचेस्टरचे. वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी हा सारा खटाटोप. इंजिनावर कारखान्याचे नाव होते. रुळाखालची खडी कुणी फोडली, मातीचे भराव कुणी घातले, त्यांची नावे कुठल्याही पाटीवर नव्हती. आता ती गाडीही बंद झाली.

बाबासाहेब १९२० ते १९२३ या काळात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होते. त्याच काळात, १९२२ मध्ये, त्या संस्थेने आपले बोधचिन्ह ठरवले. ठरवणाऱ्या समितीत विद्यार्थीही होते. चिन्ह निवडले बीव्हरचे. हा प्राणी दातांनी झाडे पाडतो आणि ओढ्याला बांध घालतो. तो सिंह नाही, गरुड नाही, तो कष्टकरी आहे. पुढे हाच विद्यार्थी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्यातल्या धरणांची योजना आकाराला आली. हा निव्वळ योगायोग. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मंत्री झाल्यावर लगेच, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. ते प्रत्येक शिक्षकाने वाचावे. स्वतः बॅरिस्टर असलेला हा माणूस त्यात म्हणतो की कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आमच्या लोकांचे फारसे भले होणार नाही, आम्हांला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे. त्यासाठी देशात आणि परदेशात शिष्यवृत्त्या द्या. बनारस आणि अलीगढ विद्यापीठांना सरकार दरसाल तीन-तीन लाख रुपये देते, तर आमच्यासाठीही तेवढे द्या, असा त्यांचा रोखठोक हिशेब होता. त्याच निवेदनात दुसरीही मागणी आहे. सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या. मन आणि हात दोन्ही एकाच कागदावर आले आहेत. त्यातली पहिली मागणी आपण लक्षात ठेवली. दुसरीतून निघणारी वाट आयटीआयकडे जाते, आणि तिथे जाणाऱ्या मुलाकडे आपल्या वस्तीतही थोडे कमीपणानेच पाहिले जाते. हे आपण कुणाकडून शिकलो, याचा विचार झाला पाहिजे.

१९८९ साली महाराष्ट्र विधिमंडळाच्या कायद्याने रायगड जिल्ह्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले. तिथून चवदार तळ्याचे महाड जवळच. १९२७ साली जिथे पाण्याला हात लावला म्हणून डोकी फुटली, त्या परिसरात धातू, वीज आणि रसायनांचे शिक्षण त्यांच्या नावाने सुरू झाले. २०१४ च्या नव्या कायद्याने या विद्यापीठाला राज्यभरातल्या महाविद्यालयांना संलग्नता देता येऊ लागली. त्यामुळे वऱ्हाडातल्या मुलांच्याही पदवीवर हे नाव येऊ शकते.

मला इथे नावाचा इतिहास महत्त्वाचा वाटतो. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला आणि मराठवाड्यातल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. नाव मिळाले १४ जानेवारी १९९४ रोजी, आणि तेही 'विस्तार' म्हणून. म्हणजे १९८९ मध्ये लोणेऱ्याला जे नाव सहज मिळाले, त्याच नावासाठी औरंगाबाद तेव्हा अकरा वर्षे वाट पाहत होते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटचे, १८८७ च्या संस्थेचे, नावही १९९७ मध्ये बदलले. राणी गेली, वीरमाता जिजाबाई आल्या. आद्याक्षरे तीच ठेवली. दगड उचलला गेला नाही. तेव्हा नाव बदलण्याला विरोध होता, हे म्हणणे खरे नाही. जुन्या पाटीवर कुणाचे नाव चढते, याला विरोध होता. कोऱ्या जमिनीवर ते नाव चालले.

हे सारे मी अभ्यासिकेत सांगितले. मग मुलांना म्हटले, आता तुम्हीच एक चिन्ह काढा. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिने जिनिंगच्या यंत्राचे दातेरी चाक काढले आणि त्यात एक हात. आडवी घुंगरकाठी काढावी की नाही यावर वाद झाला. एक मुलगा म्हणाला, "ते लाजेची गोष्ट हाय, कायले दाखवाची?" ती म्हणाली, "लाज वाटाची असन तर ज्यानं हातात देल्ली त्याले वाटू दे." काठी राहिली. मग ब्रीद कोणत्या भाषेत लिहावे यावर तास गेला. कुणाला पाली हवी होती, कुणाला इंग्रजी, एकाला वऱ्हाडी. चिन्हाखालची जागा अजून रिकामीच आहे. कागद विहाराच्या भिंतीवर त्या तक्त्याशेजारी लावून ठेवला आहे.