खंडीमागचं भाडं

पहाटे साडेपाच. डिसेंबर, ऐन हंगाम. राळेगावच्या एका जिनिंगमधून गाठींच्या गाड्या भरून पाठवायचं काम माझ्याकडे आहे. चहाआधी फोन ट्रान्सपोर्टवाल्याला: दक्षिणेकडची गाडी आहे का?

साडेआठ. फाटकाबाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग. एक काका रात्री ट्रॉलीवरच झोपले होते. "भाऊ, आज काटा होईन ना?" गोदाम गाठींनी भरलंय, त्यामुळे मला लगेच हो म्हणता येत नाही. गाठींतली रुई बाहेर गेली तरच कापूस आत येतो. काकांचा मुक्काम आणि ट्रॅक्टरचं भाडं रोज वाढतं, आणि ते कोणत्याच बिलात दिसत नाही.

अकरा. गाडी लागली. शंभर गाठींचा लॉट. गाठ सुमारे १७० किलोची, म्हणजे १७ टन रुई. शेकडा ३४ चा उतारा धरला तर त्यामागे ५०० क्विंटल कापूस. हमाल गाठी चढवतात, मी प्रत्येकीचा नंबर आणि वजन लिहितो. मग ई-वे बिल, ताडपत्री, दोर.

दोन. डबा उघडून हिशेब. रुईचा सौदा ३५६ किलोच्या खंडीवर होतो. गिरणी आपल्या दारातला भाव बोलते. खंडीमागे भाडं १०० रुपयांनी चढलं, तर कापसाच्या क्विंटलमागे साडेनऊ रुपये इथेच कमी होतात. ते बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या पट्टीतून जातात, आणि हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं. लांबच्या वाटेचा हा भार आमच्यापुरताच नाही. बुर्किना फासो, माली, चाड हे कापूस पिकवणारे देश समुद्रापासून तुटलेले. त्यांची रुई शेजारच्या देशाची हद्द ओलांडून बंदर गाठते. असे समुद्रकिनारा नसलेले विकसनशील देश जगात ३२ आहेत. आमच्या वाटेत सरहद्द नाही, पण भाड्याची आणि उशिराची किंमत तिथेही पिकवणाऱ्याच्याच वाट्याला येते.

चार. गाडी वडकीकडे निघाली. तिथून राष्ट्रीय महामार्ग ४४, पांढरकवडा, हैदराबाद आणि पुढे तमिळनाडूच्या गिरण्या. रस्ता चांगला आहे. अडतं ते परतीच्या मालावर. तिकडून इकडे यायला माल मिळणार नसेल, तर ड्रायव्हर रिकाम्या फेरीचे पैसेही आमच्याच भाड्यात धरतो. म्हणून तालुक्यात नुसता कापूस पिकवून भागत नाही. सूत, कापड, तेल असे धंदे इथे उभे राहिले, तर त्यांना लागणारा माल घेऊन येणारी गाडीही भरून येईल.

सात. काकांचा काटा झाला. पावती हातात घेऊन ते ट्रॉली झाडू लागले.

साडेआठ. चौकात रेल्वेचा विषय. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे इंग्रजांनी कापसासाठीच टाकली होती. ती आता बंद आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. शेजारच्या कळंबला प्रवासी गाडी आली याचा आनंद आहेच. मला तिथून गाठींची मालगाडी सुटताना पाहायची आहे.

दहा. पुन्हा ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन. उद्याची गाडी दुपारनंतर. सकाळच्या रांगेला ते आजच कळवलेलं बरं, म्हणून गावोगावच्या ओळखीच्यांना फोन लावत बसतो.