पंक्चर की वालट्यूब?

यवतमाळ जिल्ह्यात शाळेच्या वाटेवर सायकलचं चाक बसलं की पहिला संशय बाभळीच्या काट्यावर जातो. पण बरेचदा गुन्हेगार वेगळाच असतो: वालट्यूब. साध्या काळ्या सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये ही बारीक रबरी नळी असते. आतल्या हवेचा दाबच तिला व्हॉल्व्हच्या भोकावर दाबून धरतो आणि हवेची वाट बंद होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला की हे रबर सुकतं, तडकतं. व्हॉल्व्हच्या तोंडाशी थुंकीचं बोट लावा. बुडबुडा आला तर नळी बदला, काम संपलं.

उन्हाने हवा तापून ट्यूब फुटते, हे अर्धसत्य. तापमान २५ वरून ४५ अंशांवर गेलं तरी आतला एकूण दाब जेमतेम ७ टक्के वाढतो. चांगली ट्यूब तेवढं सहज सोसते. फुटते ती आधीच चिरलेली.

पंक्चरच असेल तर भोक पाण्याच्या बादलीत सापडतं, काटा मात्र टायरमध्ये लपून राहतो. कापसाचाच जिल्हा आपला! बोंडातला थोडा कापूस टायरच्या आतून फिरवा. तंतू काट्याला अडकतो, बोटही वाचतं.

सोल्युशन म्हणजे द्रावकात विरघळलेलं रबर. द्रावक उडून थर कोरडा दिसेपर्यंत पॅच दाबायचा नाही, नाहीतर अडकलेली वाफ त्याला उचलते. सोल्युशन लावण्याआधी ट्यूब पॉलिशपेपरने घासायची, म्हणजे वरची भुकटी निघते.

चाक झालं, आता चेन: तिला तेल दिल्यावर वरचं पुसून टाका. काळ्या मातीची धूळ त्यात कालवली की दाते झिजवणारा लेप तयार होतो.