कुंपणाबाहेरची मंडळी

सातारा आणि कराड यांच्या दरम्यान, तारळी नदी जिथे कृष्णेला मिळते तिथे, उंब्रज वसलेले आहे. महामार्गावरून पुण्याकडून कोल्हापूरकडे जाणाऱ्या प्रवाशाला ते एक वर्दळीचे बाजारगाव एवढेच वाटते. परंतु समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक याच गावात आहे आणि चाफळची वाटही येथूनच फुटते, त्यामुळे उपासना ही वस्तीच्या भल्याशी जोडलेली असते हा विचार या परिसराला परका नाही. उंब्रजच्या उत्तरेला सातारा आहे आणि कृष्णेच्या काठाने खाली गेले की सांगली-मिरज लागते. या दोन टोकांना, विसाव्या शतकाच्या आगेमागे, ख्रिस्ती श्रद्धेने एकाच प्रश्नाला आपल्या परीने उत्तर देण्याचा प्रयत्न केला: देवाने माणसाला ज्या कामासाठी बोलावले ते काम तो राहतो त्या गावातच असते काय?

या बोलावण्याला मराठी ख्रिस्ती लोक ‘पाचारण’ म्हणतात. मध्ययुगीन युरोपात या अर्थाचा शब्द बहुतांशी धर्मगुरू, साधू आणि जोगिणी यांच्यापुरता राखून ठेवला गेला होता, म्हणजे ज्याने संसार सोडला त्यालाच देवाचे बोलावणे आले असे समजले जाई; सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने ही कल्पना उलटवली आणि चांभाराचे जोडे शिवणे किंवा आईचे मूल वाढवणे हेही, ते शेजाऱ्याच्या उपयोगी पडत असेल तर, पाचारणच आहे असे प्रतिपादन केले. मळ्यातल्या कामातच विठ्ठल पाहणाऱ्या अरणच्या सावता माळ्याला ज्याने आपले मानले त्या महाराष्ट्राला हे समजावून सांगावे लागत नाही. मात्र ख्रिस्ती विचारात त्याला आणखी एक बाजू आहे, कारण तेथे पाचारण एकट्या माणसाला येते तसे समुदायालाही येते. त्या समुदायाला मराठीत ‘मंडळी’ म्हणतात, आणि नव्या करारातील ज्या ग्रीक शब्दासाठी तो योजला गेला तो ‘एक्लेसिया’ हा शब्द मुळात देवळातला नव्हेच. ग्रीक नगरांत नगराच्या कामकाजाचा निर्णय करण्यासाठी बोलावलेल्या नागरिकांच्या सभेला तो वापरला जात असे. मंडळी या शब्दात नगर असे पहिल्यापासूनच दडलेले आहे.

त्याहूनही जुना आधार यिर्मया या यहुदी संदेष्ट्याच्या पत्रात सापडतो. इसवी सनपूर्व सहाव्या शतकात बाबेलच्या राजाने यरुशलेमातील लोकांना पाडाव करून आपल्या राजधानीकडे नेले, तेव्हा परतण्याच्या आशेवर गाठोडी बांधून बसलेल्या त्या लोकांना यिर्मयाने कळवले की त्यांनी तेथे घरे बांधावीत, बागा लावाव्यात, मुलाबाळांची लग्ने करावीत आणि ज्या शहरात ते आहेत त्याच्या कल्याणासाठी झटावे व प्रार्थना करावी, कारण त्यांचे कल्याण त्या शहराच्या कल्याणात गुंतलेले आहे. येथे कल्याणासाठी वापरलेला हिब्रू शब्द ‘शालोम’ आहे; त्याचा अर्थ भांडण नसणे एवढाच होत नाही, तर आरोग्य, न्याय, पोटभर अन्न आणि नात्यांतील सलोखा हे सर्व मिळून होणारी धडधाकट अवस्था त्यात अभिप्रेत असते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की हे शहर त्या लोकांचे नव्हते, ते त्यांना जिंकणाऱ्यांचे होते.

मिरजेची कथा या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. विल्यम जेम्स वानलेस हा कॅनडात जन्मलेला तरुण डॉक्टर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने १८८९ मध्ये भारतात आला, त्याने आरंभी सांगलीत लहानसा दवाखाना चालवला आणि पुढे पटवर्धनांच्या मिरज संस्थानात काम हलवून १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उभे केले. मिरज तेव्हा नुकतेच रेल्वेचे जंक्शन झाले होते, १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटाही तेथून निघाला होता, त्यामुळे बैलगाडीच्या टप्प्यापलीकडचे रुग्णही येऊ शकत होते आणि ते आले. मोतीबिंदूने अंध झालेली माणसे आणि पोटाच्या दुखण्याने खंगलेली माणसे शस्त्रक्रियेसाठी तेथे लोटू लागली. कुष्ठरुग्णांसाठी वेगळी व्यवस्था झाली आणि पुढे क्षयरोग्यांसाठी सांगली-मिरजेच्या मध्ये मोकळ्या हवेत आरोग्यधाम उभे राहिले, ज्याच्या भोवतालच्या वस्तीला आजही वानलेसवाडी म्हणतात. ब्रिटिश सरकारने १९२८ मध्ये वानलेस यांना ‘सर’ हा किताब दिला, आणि १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले.

परंतु एका कुशल शल्यविशारदाच्या कर्तृत्वात हे काम संपले असते तर मिरज हे मिरज झाले नसते. वानलेस यांनी १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू केली, आणि तिच्यातून तयार झालेले तरुण दूरदूरच्या मिशन रुग्णालयांत जाऊन काम करू लागले. परिचारिकांच्या शिक्षणाचे महत्त्व तर याहूनही अधिक होते, कारण रक्त, पू आणि मलमूत्र यांना हात लावणे त्या काळी विटाळाचे मानले जाई आणि प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया या कामाकडे वळत नसत. ते काम पश्चिम महाराष्ट्रात प्रथम ज्यांनी अंगावर घेतले त्यांत मराठी ख्रिस्ती मुलींचा वाटा फार मोठा होता. त्यांतील बहुतेकींची नावे कोणत्याही पुस्तकात आलेली नाहीत. पाचारणाचा खरा इतिहास लिहायचा झाला तर तो किताब मिळालेल्या डॉक्टरापेक्षा रात्रपाळीला कंदील घेऊन वॉर्डातून फिरणाऱ्या या मुलींपासून लिहावा लागेल. मिरजेत १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, खासगी रुग्णालयांच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि तंतुवाद्यांसाठी नावाजलेल्या या गावाला वैद्यकीय नगरी हे दुसरे नाव मिळाले. मिशनने पेरलेले शहराने आपले म्हणून वाढवले.

याच काळाची दुसरी बाजू कमी सुखद आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मिशनच्या आवारांना महाराष्ट्रात सर्वत्र ‘कंपाउंड’ म्हणत. शाळा, दवाखाना, देऊळ, मिशनरीचा बंगला आणि ख्रिस्ती कुटुंबांच्या खोल्या यांना मिळून एक कुंपण असे. धर्म बदलल्यामुळे भाऊबंदांनी बाहेर टाकलेल्या, पाणवठा बंद झालेल्या माणसांना त्या कुंपणाने आसरा दिला, हे खरेच आहे. परंतु आसऱ्याची सवय झाली की कुंपणाच्या आतले जग पुरेसे वाटू लागते: पगार मिशनचा, घर मिशनचे, चिंता मिशनची. गावाच्या दुष्काळाशी, पाण्याशी, पंचायतीशी आपला संबंध काय असा प्रश्न अशा माणसाला पडेनासा होतो, आणि गावही त्याला परक्यांचा आश्रित समजू लागते.

हे दुखणे ज्याने तीव्रतेने ओळखले तो माणूस साताऱ्याला आला. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता, अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षे काम केले होते, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या संपादनात त्यांचा हात होता, आणि अभंग व कीर्तन यांच्या द्वारे त्यांनी ख्रिस्ती भक्तीला मराठी मातीचा आवाज दिला होता; तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असे ते उघडपणे मानत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी व तिचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. दरबार ही संस्था म्हणण्यापेक्षा बंधुभावाचा मेळावा होता, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबरच न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती, म्हणजे ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्याने आपले गाव, आपली भाषा आणि आपली माणसे सोडलीच पाहिजेत ही अट तेथे नव्हती. दोन वर्षांतच टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. तरीही मराठी ख्रिस्ती विचारात त्याचे स्थान मोठे आहे, कारण मंडळीचे केंद्र आवारातून उचलून नगरात ठेवण्याचे धैर्य त्यात होते. आणि पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामुळे त्या धैर्याची घरातली किंमतही मराठी वाचकाला माहीत आहे.

टिळकांनी जे कल्पिले ते एका वेगळ्या क्षेत्रात रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने करून दाखवले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेल्या या दोघांनी १९७० मध्ये जामखेडसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात काम सुरू केले आणि लवकरच ओळखले की रुग्णालय कितीही चांगले असले तरी अतिसाराने दगावणारे मूल त्याच्या दारापर्यंत पोचत नाही. त्यांनी गावागावांतून बायका निवडल्या, ज्यांतील पुष्कळ निरक्षर होत्या व कित्येक दलित होत्या, आणि त्यांना बाळंतपण, लसीकरण, स्वच्छता व आहार यांचे शिक्षण देऊन गावाच्या आरोग्याची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवली. निरनिराळ्या जातींच्या या बायका एकत्र राहत, एकत्र जेवत आणि एकत्र शिकत, ही त्यातील औषधाइतकीच महत्त्वाची बाब होती. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मिरजेत रुग्ण रुग्णालयाकडे येत होता. जामखेडला रुग्णालय गावाकडे गेले, आणि गावातल्या बाईला तिचे स्वतःचे पाचारण सापडले.

अशा सेवेकडे मराठी समाज ज्या एका शंकेने पाहतो तिला बगल देणे योग्य नाही. दवाखाना आणि शाळा ही धर्मांतराची आमिषे आहेत काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकापासून विचारला जात आहे, आणि मिशनांच्या इतिहासात तो विचारण्यास जागा देणारे प्रसंग घडलेही आहेत. यिर्मयाच्या पत्रात मात्र बाबेलच्या लोकांनी यहुदी व्हावे अशी अट कोठेच नाही. शहराचे कल्याण हेच तेथे साध्य आहे. अटीवर दिलेले पाणी हे पाणी राहत नाही, तो सौदा होतो, आणि ज्या श्रद्धेला आपल्या सेवेचा मोबदला मोजावासा वाटतो तिचा आपल्या देवावरचा विश्वास कमी पडतो असेच म्हणावे लागेल. अहमदनगरच्या शाळेत मिशनरी शिक्षिका सिंथिया फॅरार यांच्या हाताखाली अध्यापनाचे धडे घेतलेल्या सावित्रीबाई फुले ख्रिस्ती झाल्या नाहीत. तरीही फॅरार यांच्या आयुष्याचे याहून मोठे सार्थक दाखवता येणार नाही.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोक शंभरात एकही भरत नाहीत. उंब्रजसारख्या गावात नवे मिशन रुग्णालय उभे राहण्याचा काळ गेला आहे आणि त्याची आवश्यकताही उरलेली नाही. पण महामार्गावर रात्री अपघात झाला तर जखमीजवळ पहिल्या काही मिनिटांत कोण पोचते, ज्यांची मुले पुण्या-मुंबईला आहेत त्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या वेळेवर कोण देते, दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी येणाऱ्या टोळ्यांची मुले फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत दिवसभर कोणाच्या भरवशावर असतात, हे प्रश्न कृष्णाकाठच्या प्रत्येक गावात आहेत, आणि त्यांना इमारत लागत नाही, परदेशी देणगी लागत नाही. दहा-पाच कुटुंबांच्या मंडळीला रविवारची उपासना झाल्यावर फडावरच्या मुलांना तासभर अक्षरे गिरवायला बसवता येते. ती मुले वैशाखापूर्वी आपल्या गावी परततात, आणि पुढच्या हंगामात दुसरी येतात.