कत्तलखान्यातील अवशेषांचे काय होते?

छत्रपती संभाजीनगरजवळ, पैठण रस्त्यावरील गेवराईत अल्लाना समूहाचा म्हशीच्या मांसाचा निर्यात प्रकल्प आहे. या धंद्यात मांसाइतकेच महत्त्व उरलेल्या हाडे, चरबी, आतड्यांना आहे. ती उघड्यावर टाकली तर कुत्री, माश्या आणि रोगराई वाढते. म्हणून 'रेंडरिंग': अवशेष बारीक करून बंद भांड्यात वाफेवर शिजवायचे, मग दाबून चरबी वेगळी काढायची. चरबी साबणाला जाते, उरलेल्या चोथ्याची भुकटी कोंबड्यांच्या किंवा पाळीव प्राण्यांच्या खाद्यात.

युरोपातील सर्वांत कडक पद्धतीत तुकडे ५० मिलिमीटरपेक्षा लहान, तापमान १३३ अंश सेल्सिअस, दाब ३ बार आणि वेळ सलग २० मिनिटे लागते. या कडकपणामागे कारण आहे: ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात अशी भुकटी गुरांनाच चारल्याने 'मॅड काऊ' हा गुरांचा रोग पसरला होता.

खरी कसोटी वास आणि सांडपाण्याची. शिजवतानाची वाफ थंड करून उरलेला वायू लाकडी ढलप्यांच्या ओलसर थरातून सोडला, की त्यातले जिवाणू दुर्गंधी पचवतात. शहर जायकवाडी धरणाचे पाणी पिते. त्या पट्ट्यात सांडपाण्याबाबत सवलत नकोच. कंपनी कायदा, २०१३नुसार पात्र कंपन्यांनी नफ्याचा २ टक्के भाग सामाजिक कामांवर खर्चायचा असतो, पण शाळेला बाके दिल्याने नाल्याची जबाबदारी फिटत नाही.

दुर्गंधी आली तर तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा नोंदवून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या शहरातील प्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या.